आतून फुटलेली चौकट

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दादाच्या वागण्यात काय काय बदल होतात ते रोज लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी औषध ठरवायला सोपं जाईल. ही वही त्यासाठी आणली. तीन आठवडे कोरीच होती. आज मात्र लिहिण्यासारखं आहे.

काल दादाने घराचं दार फोडलं.

नोंद करायची तर अशी. वय एकोणसत्तर. वेळ सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान. साधन म्हणजे त्याच्याच जुन्या पेटीतला मोठा पाना. बस दुरुस्तीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्याने फिटर म्हणून काढली. पाना कुठे घालायचा आणि जोर कुठे द्यायचा हे त्याचे हात विसरलेले नाहीत, बाकी सगळं विसरला तरी. चौकटीचा कडीकडचा उभा भाग कमरेच्या उंचीपासून डोक्यापर्यंत चिरला आहे, कोयंडा उपटून आला आहे, दाराची एक फळी फुटली आहे. दादाच्या उजव्या तळव्याला खोल जखम झाली. समोर राहणाऱ्या नर्सबाईंनी ती धुऊन बांधली. त्यांनी आयुष्यभर रुग्णालयात काढलं, त्यामुळे हात सराईत.

मी एक वाजता पोचलो तेव्हा दादा जिन्यात बसला होता. मांडीवर माझा जेवणाचा डबा. तो त्याने का घेतला होता कोण जाणे. मला बघून म्हणाला, "आलास? बरं झालं." जणू काहीच झालं नव्हतं.

मी कामावर जाताना दार बंद करून जातो. त्याच्याच सुरक्षिततेसाठी.

बंद म्हणजे बाहेरून कुलूप लावून. डॉक्टरीणबाईंनी हे कधी विचारलेलं नाही, म्हणून मी सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दार होईपर्यंत रजा घेतली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो. एका केसाएवढी चूक झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. एवढं बारीक काम जमतं, तर चौकटीची एक चीर काय, असं वाटलं. लांब खिळे आणले, पुट्टी आणली. पहिल्याच खिळ्याला चीर आणखी वीतभर वर गेली.

दादा खुर्चीत बसून बघत होता. म्हणाला, "लाकडाच्या रेघेतच खिळा मारतोयस. फाटणारच ती." मग थोड्या वेळाने, "हे कोणी फोडलं रे?"

"तू," असं तोंडावर आलं होतं. "जुनं झालंय," म्हटलं.

खालच्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं तेव्हा चोरीचा प्रयत्न झाला म्हणून सांगितलं. तो बिचारा घाबरला, स्वतःच्या दाराला दुसरी कडी बसवून घेतो म्हणाला. आता इमारतभर चोर होणार.

तुटक्या दाराला टेबल लावून ठेवलंय.

कुलूप का लावत होतो तेही लिहितो, नाहीतर ही वही वाचणाऱ्याला मी राक्षस वाटेन. मे महिन्यात दादा पहिल्यांदा हरवला. चार तासांनी जुन्या कारखान्याच्या फाटकाशी सापडला, पहारेकऱ्याशी हुज्जत घालत, की माझी पाळी सुरू झाली, मला आत सोडा. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा. तेव्हा मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभा होता, गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. कामाला ठेवलेली बाई तीन आठवड्यांत सोडून गेली. मग मी काय करायला हवं होतं?

उत्तर मला सुचत नाही, हे खरं आहे. पण मी शोधलं कितपत?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुतारमिस्त्री आले. साठीचे असतील, एकटेच काम करतात, कानावर पेन्सिल आणि तोंडाला विश्रांती नाही. मी सांगितलं, चोरीचा प्रयत्न झाला.

त्यांनी चष्मा चढवला, चौकटीवरून बोट फिरवलं, खाली बसले, उभे राहिले, बाहेर जाऊन आले. मग म्हणाले, "साहेब, चोर तुमच्या घरातच राहतो काय?"

मी हसल्यासारखं केलं.

"नाही, हत्यार आतून घातलंय. हे वळ बघा. बाहेरच्या बाजूला हत्याराचा एकही ओरखडा नाही. आतून बाहेर चोरी करणारा चोर मी पहिल्यांदाच बघतोय."

तेवढ्यात त्यांची नजर दादाकडे गेली. दादा बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता. मिस्त्रींची मापाची पट्टी हातातच राहिली. मग त्यांनी काही न बोलता मापं घेतली. तो गप्पपणा त्या थट्टेपेक्षा वाईट होता.

मी म्हटलं, नवीन दार आधी बसवून द्या, चौकटीचं नंतर बघू.

"असं नाही होत," ते म्हणाले. "ह्या चौकटीवर नवीन दार टांगलं तर महिन्याभरात लोंबेल. खराब झालेला भाग कापून काढायचा, तिथे नवीन लाकूड सांधायचं, ते भिंतीत पक्कं करायचं, ओळंबा लावून सरळ करायचं. दार हे शेवटचं काम."

"आणि बाहेरून एक मजबूत कडी हवी. कोयंड्याला लांब स्क्रू मारा. पुन्हा उपटणार नाही असे."

ते पेन्सिलने लिहीत होते ते थांबले. "घरात गॅस आहे ना?"

"आहे."

"आग लागली तर हे कुठून बाहेर येणार?"

मी म्हटलं, हा विचार मी केलाच नव्हता.

खोटं. मी रोज जाताना गॅसची टाकी बंद करून, शेगडी पुसून जायचो. म्हणजे विचार केला होता. करून पुढे गेलो होतो.

मिस्त्रींनी वहीत "कडी" असं लिहिलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला दिसेल असं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताईचा फोन. ती आमच्या दोघांच्या मधली. दुसऱ्या गावी असते, गुडघ्यांमुळे फारशी येत नाही. दर शनिवारी फोन करते.

"दादाच्या हाताला काय झालं?" तिने पहिल्याच वाक्यात विचारलं. नर्सबाईंनी सांगितलं असावं. त्या दोघींचं बोलणं होतं हे मला माहीत नव्हतं.

"काही नाही गं, दाराची कपची लागली. दार जुनं झालं होतं, बदलून घेतोय."

"बरं," ती म्हणाली. मग, "छोट्या, तू जेवतोस ना वेळेवर?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. "हो" म्हणून फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज घडलं ते सगळं लिहून काढतो.

मिस्त्री सकाळीच आले. करवतीने चिरलेला भाग वर-खाली तिरपा कापून काढला. जुन्या लाकडाचा तो तुकडा जमिनीवर ठेवला तेव्हा दादा उठून जवळ आला. वाकून बघत राहिला. मिस्त्रींनी नवीन तुकडा लावून बघितला, बसेना, रंधा मारला, पुन्हा लावला. तीनदा. चौथ्यांदा दादा म्हणाला, "खालून धरतोय तो. वरून नका घेऊ."

मिस्त्रींनी खालच्या बाजूने पटाशीचे दोन हात मारले. तुकडा गप्पकन बसला.

"काय काम करायचात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"बसचे दरवाजे," दादा म्हणाला. "रोज शंभर वेळा उघडतात ते. नीट बसले पाहिजेत." त्याने हे अगदी सरळ सांगितलं. गेल्या सहा महिन्यांत इतकं नेमकं बोललेला मी ऐकला नव्हता. किंवा सहा महिन्यांत त्याच्यासमोर मी बसलोच किती?

नंतर मिस्त्रींनी ओळंब्याची दोरी त्याच्या डाव्या हातात दिली आणि स्वतः खाली बसून अंतर बघायला लागले. दादा दोरी धरून उभा राहिला. वीस मिनिटं हात हलला नाही.

मी चहा ठेवायला म्हणून उठलो. साखर नव्हती, म्हणून समोर नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी वाटी भरून दिली आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी काय झालं ते. आठवडा झाला. मी वाट बघत होते."

मी म्हटलं, काय विचारायचं, त्याला घरात कोंडल्यासारखं झालं असेल, डोकं फिरलं.

"डोकं फिरलं नव्हतं त्यांचं. साडेदहाला त्यांनी आतून मला हाक मारली. तुमचा डबा ओट्यावरच राहिला होता. म्हणाले, 'छोट्याचा डबा राहिलाय, तो उपाशी राहील, दार उघडा.' मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे नाही. तर म्हणाले, 'त्याला फोन करा.' मी तुम्हाला तीन वेळा फोन केला."

माझ्या हातातली वाटी कलंडली. थोडी साखर त्यांच्या उंबऱ्यावर सांडली.

"मी त्यांना दारातून समजावत होते. तास गेला. बारा वाजत आले तसे ते म्हणाले, 'आता त्याच्या जेवणाची वेळ होईल.' मग पाना आणला. मी नको नको म्हणत होते. बाहेर आल्यावर रक्त वाहत होतं आणि ह्यांचं आपलं एकच, डबा. जिना उतरायला निघाले होते. मी बळेच बसवलं."

मी म्हटलं, "मी गिऱ्हाइकात होतो. फोन कळला नाही."

घरी येऊन मी सांडलेल्या साखरेबद्दल मिस्त्रींशी काहीतरी बोललो. ते काय बोलले आठवत नाही.

आता खरं लिहितो. मी गिऱ्हाइकात नव्हतो. दुकान रिकामं होतं. फोन वाजला, नर्सबाईंचं नाव दिसलं, आणि मी मनात म्हटलं, आता दादाने काय करून ठेवलंय. मी फोन उपडा ठेवला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ड्रॉवरमध्ये टाकला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ड्रॉवर आतून गुरगुरला आणि मी एक काच घासायला घेतली, जिची घाई नव्हती. ती काच सुरेख झाली. एवढी सुरेख काच मी बऱ्याच दिवसांत केली नव्हती. दोन तास माझ्या डोक्याला कसलाही त्रास नव्हता.

डबा राहिल्याचं मला साडेबाराला, भूक लागल्यावर कळलं. चिडून मी फोन काढला, म्हटलं कोपऱ्यावरच्या खानावळीतून काही मागवावं. तेव्हा तो चौथ्यांदा वाजला.

आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, दादा वीसचा. मी शाळेत डबा विसरलो की तो कारखान्यातून सायकलवर यायचा. शाळेच्या फाटकातून हात आत घालून डबा द्यायचा आणि उलटपावली पाळीवर परत. मला लाज वाटायची, त्याचे हात काळे असायचे म्हणून. एकदा मित्राने विचारलं कोण रे हा, तर मी म्हटलं, आमच्याकडे कामाला आहे.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. दादाने ऐकलं होतं की नाही हेही मला माहीत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांधा वाळतोय. चोवीस तास हात लावायचा नाही म्हणाले. काही लिहावंसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताईला फोन केला. शनिवार नसताना माझा फोन बघून ती घाबरली. "दादा बरा आहे ना?"

मी सगळं सांगितलं. कुलूप, ऑगस्टनंतरचं, पाना, डबा, ड्रॉवर. एका दमात. वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मला दादाने सांगितलं होतं."

"कधी?"

"ऑक्टोबरात. दुपारी मी घरच्या फोनवर केला होता. म्हणाला, 'अगं, छोट्या गेला की मला बाहेर जाता येत नाही.' मी म्हटलं, जाऊन काय करणार आहेस एवढ्या उन्हात? आणि विषय बदलला. मला कळलं होतं रे. न कळायला काय झालं. पण मी तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मग तू घेऊन जा त्याला. म्हणून नाही विचारलं."

मागे तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. तिने तो बंद केला नाही, पुढची शिट्टीही होऊ दिली.

मग ती म्हणाली, "डिसेंबरात मी येते. दोन महिने राहते. गुडघे काय, इथेही दुखतात, तिथेही दुखतील."

डिसेंबरपर्यंत काय, ते माझं मला बघायचं होतं. संध्याकाळी दादाला नर्सबाईंकडे बसवून दुकानात गेलो आणि मालकांना म्हटलं, भावाला रोज बरोबर आणलं तर चालेल का. मागे काचा घासतो तिथे एक खुर्ची मावते. मालकांनी विचारलं, "त्रास देतात का?"

"नाही," मी म्हटलं. मग खरं बोलावंसं वाटलं. "कधी कधी उठून चालायला लागतो. तेव्हा मला त्याच्या मागे जावं लागेल."

"मग जा की," ते म्हणाले. "मला वाटलं चष्मे फोडतात की काय."

एवढंच होतं ते. सहा महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज दार बसलं.

मिस्त्रींनी आधी चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली. मला म्हणाले, हात लावून बघा, सांधा सापडतोय का. मी डोळे मिटून बोट फिरवलं. सापडला. रंग दिला तरी सापडेल, पण तो भाग आता मूळच्यापेक्षा घट्ट आहे, असं ते म्हणाले. भिंतीत लोखंडी पट्ट्या गाडल्या आहेत.

बिजागऱ्या लावायला तिघं लागलो. मी आणि दादाने दार उचलून धरलं, मिस्त्रींनी स्क्रू पिळले. दादाचा हात अजून पुरता बरा नाही, पण ऐकेना. "थोडं तुझ्याकडे," मला म्हणाला. "आणखी. बस."

दार लागलं. उघडलं, सोडलं. जिथे सोडलं तिथेच थांबलं. मिस्त्री खूश झाले. मग त्यांनी पिशवीतून कडी काढून तळहातावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "बोला. कुठे लावू?"

"आत एक लावा. बाहेर साधी, घर रिकामं असेल तेव्हा कुलूप घालण्यापुरती."

"लांब स्क्रू?"

"नको."

ते कामाला लागले. कडी लावताना पाठमोरेच म्हणाले, "माझी आई शेवटी शेवटी अशीच निघून जायची. आम्ही तिला खाटेला बांधायचो. दुपट्ट्याने. मऊ होता दुपट्टा." स्क्रू पिळत राहिले.

मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज दादा पहिल्यांदा माझ्याबरोबर दुकानात आला.

सकाळी त्याला तयार करायलाच तास गेला. एकदा सदरा उलटा घातला, एकदा चप्पल सापडेना, मग म्हणाला कारखान्याचं ओळखपत्र घ्यायला हवं. मी दोनदा चिडलो. दुसऱ्यांदा जरा जोरातच. म्हणजे मी काही बदललो वगैरे नाही, हेही नोंदवून ठेवतो.

दोन डबे घेतले. बाहेर पडलो. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मी दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि सवयीने एकदा ओढून बघितलं.

"हं," दादा म्हणाला. "हाच."

"काय हाच?"

"आवाज. आधी कुलूप, मग तू एकदा ओढून बघायचास. मग जिना."

मला वाटायचं त्याला कळत नाही. मी कुलूप लावताना दातावर दात दाबून, अगदी हळू लावायचो. तो खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत असायचा. मी मनाशी म्हणायचो, त्याला काय कळणार, त्याच्या दृष्टीने दार म्हणजे भिंतच. आणि तो रोज मोजत होता. कुलूप, ओढणं, जिना.

"दादा, मी तुला कोंडून जात होतो," मी म्हटलं. हे शब्द मी त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारले. नर्सबाईंचं दार अर्धवट उघडं होतं, त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

"हो," तो म्हणाला.

"चुकलं माझं."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

"मग तू मला कधी काही बोलला का नाहीस? एकदा तरी म्हणायचंस, नको लावू म्हणून."

तो आठवायचा प्रयत्न करत असावा. कपाळावर आठ्या आल्या. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला आम्ही दोघं बाजूला सरकलो.

"तुला उशीर व्हायचा," दादा म्हणाला.

मग तो जिना उतरायला लागला, कठडा धरून, एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. मला त्याच्या पुढे जाता येईना. मी मागून एकेक पायरी उतरलो. दुकानात पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते.